सात वेढे

खुमेंद्रची जीप माझ्या गॅरेजमध्ये चार वेळा आली आणि चारही वेळा मी ती दुरुस्त करून दिली. म्हणजे, तसं मी सांगत होतो. ‘जा, आता पळव,’ असं म्हणून किल्ली गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची माझी एक ऐट होती. ती ऐट मला महागात पडली असं म्हणण्याचा मला हक्क नाही, कारण मला काहीच झालं नाही. मी धडधाकट आहे, दोन पायांवर उभा राहून नट-बोल्टांवर पाने फिरवतो. जे झालं ते त्याला झालं.

मी दुलीचंद मिस्त्री. गोंदियाला लागून कुडव्यात माझं गॅरेज आहे. टर्बोवाल्या डिझेल गाड्या नव्या नव्या आल्या, तेव्हा गावातले निम्मे मिस्त्री त्यांचं बॉनेट उघडायला घाबरायचे. मी नागपूरला जाऊन दोन महिने शिकून आलो, कंप्युटरवाला स्कॅनर आणला आणि मला शिंगं फुटली. टर्बोचं काम म्हणजे दुलीचंद, असं लोक म्हणायचे. लोकांपेक्षा मीच जास्त म्हणायचो.

खुमेंद्र गोरेगावकडच्या एका खेड्यातला, पोवारांचा एकुलता एक मुलगा. बाप लहानपणीच गेला. धानाची शेती बटईनं देऊन त्यानं एक जुनी जीप घेतली होती. गोंदिया स्टेशनावर उतरणाऱ्या पाहुण्यांना तो नवेगाव-बांधचा तलाव आणि पक्षी दाखवायला न्यायचा. त्याची आई रामबाई. घरात जे जे हलतं, त्याला ती धागा बांधायची. पोळ्याला बैलांच्या शिंगांना सगळेच बांधतात, पण ही सायकलला, पंपाला, शिलाई मशीनच्या चाकालाही बांधायची. तिचं साधं गणित होतं. जे हलतं ते कधी ना कधी दगा देतं, म्हणून त्याला आधीच बांधून ठेवायचं.

दोन हजार अकराच्या दसऱ्याला गाड्यांच्या पूजेसाठी माझ्या गॅरेजसमोर रांग लागली होती. रामबाई ताट घेऊन आली. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, आपट्याची पानं वाटून झाली. सगळे धागा स्टेअरिंगला नाहीतर आरशाला बांधतात. ही बाई उघड्या बॉनेटजवळ येऊन उभी राहिली.

“दुलीचंद, गाडीचा जीव नेमका कोठी रायते गा?”

“इंजिनात रायते, मावशी.”

“इंजिन तं एवढं मोठं हाय. नेमका मनलं मी.”

भोवती दहा-बारा गिऱ्हाइकं उभी होती. माझ्यानं गप्प बसवलं असतं का? मी वाकून बोट दाखवलं. “हा पाहा टर्बो. हा इंजिनात हवा कोंबते. अन् किती कोंबायची, थे ह्या बारक्या नळीवरून त्याले समजते. ही नळी मेली का गाडी मेली समजा.”

“मंग इथंच बांधतो,” रामबाई म्हणाली. तिनं त्या रबरी नळीला लाल-पिवळ्या धाग्याचे सात वेढे दिले, प्रत्येक वेढ्याला ओठांत काहीतरी पुटपुटली आणि दातांनी ओढून गाठ मारली. लोक हसले. मीही हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते तेव्हा कुणाला कळतं!

फेब्रुवारीत खुमेंद्र पहिल्यांदा तक्रार घेऊन आला.

“भाऊ, गाडी दम सोडून रायली. इथून निघतो तं मस्त जाते. चाळीस-पन्नास किलोमीटर झालं, गाडी भरून असली, अना जंगलातला चढ लागला का एकदम बसते. पायाखाली काहीच नाही. काळा धूर मारते. बंद करून दहा मिनिटं उभी केली का पुन्हा चांगली.”

इथं थोडं समजावून सांगतो, नाहीतर माझा गुन्हा कुणाला कळणार नाही. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा, तितका जोर. पण किती कोंबायची याला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे टर्बोच्या बाजूला बसवलेली एक डबी, डबीतून निघालेली बोटाएवढी दांडी आणि डबीला जोडलेली पेन्सिलीहून बारीक नळी. नळीतून हवा ओढली गेली की डबी दांडीला खेचते, दांडी टर्बोची पाती वळवते आणि गाडी झेपावते. ती ओढ डबीपर्यंत पोचलीच नाही, तर दांडी जागची हलत नाही आणि सत्तरच्या वेगात चाललेल्या जीपची बैलबंडी होते.

स्कॅनर लावला. टर्बोचा दाब कमी, एवढंच त्यानं सांगितलं. का कमी, ते तो सांगत नाही. त्यासाठी दुलीचंद असतो. मी ती ओढ सोडणारा-थांबवणारा वॉल्व्ह बदलला, जीप रिकाम्या रस्त्यावर चार किलोमीटर पळवून आणली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

बारा दिवसांनी तो परत आला. तीच तक्रार. मी हवेच्या मोठ्या पाइपांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एका जोडावर दोन फुगे आले. सापडला चोर, म्हणून मी तो जोड बदलला. मार्चमध्ये तो तिसऱ्यांदा आला. त्या वेळी मी सगळा टर्बो उतरवला, पात्यांवरची काजळी घासून काढली, हवा ओढायचा हातपंप डबीला लावून पाहिला. दांडी लोण्यातून सुरी जावी तशी हलत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणजे काय, ते मी त्या तीन खेपांत माझ्या हातांनी केलं. चांगले, निर्दोष भाग एकामागून एक काढून फेकले.

आणि ती नळी? ती मी दर वेळी पाहिली. माझ्या उस्तादाचा नियम होता, गरम इंजिनाला हात लावायचा नाही. गाडी आली की बॉनेट उघडून दोन तास उभी करायची, मगच काम. तो नियम मी कधी मोडला नाही आणि त्याचा मला अभिमान होता. थंड झालेल्या गाडीची नळी मी दोन्ही टोकांनी सोडवायचो, तोंड लावून फुंकायचो, हवा पलीकडे जायची. मग धाग्याला धक्का न लावता ती पुन्हा बसवायचो. खाली वाकताना बोट चुकून त्या धाग्याला लागलं, तर कपाळाला लावायचो. इतका मी सभ्य.

एप्रिलमध्ये चौथ्यांदा आला, तेव्हा खुमेंद्रचा चेहरा उतरला होता. पाहुणे त्यानं वाटेतच दुसऱ्या गाडीत बसवून दिले होते.

“भाऊ, आता भेव लागते. काल ट्रकच्या बाजूनं काढून रायलो होतो. ट्रकच्या बरोबरीत आलो अना गाडीनं दम सोडला. ना पुढं, ना मागं. समोरून बस. कसा वाचलो माझं मले मालूम. एखाद दिवशी मी नाही येणार, गाडीच येईल तुमच्याकडं.”

हे तो हसत म्हणाला नव्हता. मीही ते हसण्यावारी नेलं नाही, एवढं तरी माझ्या बाजूनं सांगतो. बाजारातले पार्टवाले श्यामलालजी म्हणाले होते, “पूरा टर्बो बदल दो, दुलीचंद भाई, सिरदर्द खतम.” मला ते पटत नव्हतं. टर्बो चांगला होता, मी स्वतः पाहिला होता. उरली होती एक नळी. कंपनीची जाळीदार नळी आधीच्या मालकानं कधीतरी काढून साधी मऊ रबराची घातली होती. खुंटीवर माझ्याकडे नव्या नळीचं वेटोळं टांगलेलं होतं. त्यातला हातभर तुकडा मी कापला आणि जीपजवळ आलो.

नवी नळी घालायची तर जुनी काढावी लागणार, आणि जुनीवर सात वेढे होते. हळदीनं पिवळे, तेलानं काळे पडलेले, वाळून आक्रसलेले.

“हे काढावं लागंल,” मी म्हणालो.

खुमेंद्रनं बराच वेळ धाग्याकडे पाहिलं. “माय घरी गेल्यावर रोज विचारते, धागा हाय ना? मी हाय मनतो. नळीत काही खराबी हाय का, भाऊ?”

मी पुन्हा एकदा नळी सोडवली. पुन्हा फुंकली. हवा गेली.

“नळी चांगली हाय,” मी म्हणालो.

“मंग रावू द्या ना.”

त्याच्यावर ढकलायचं असतं तर इथं ढकलता आलं असतं. पण मिस्त्री तो नव्हता, मी होतो. मी नवा तुकडा खुंटीवर परत टांगला. “दसऱ्याले नवा धागा बांधंल मावशी, तवा बदलू,” असं म्हणालो, वॉल्व्हची वायर साफ केली आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. आपल्याकडे देवाचा धागा आपण कापत नाही. तो आपोआप गळतो किंवा पाण्यात सोडतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण माझा हात बरोबर तिथंच थांबला.

मे महिन्यात, भर दुपारी, कोहमाऱ्याच्या अलीकडे तो एकटाच जीप घेऊन येत होता. तांदळाच्या पोत्यांनी भरलेला ट्रक पुढं होता. तो बाजूनं काढायला गेला. ट्रकच्या बरोबरीला आल्यावर जीपनं दम सोडला. समोरून दुसरा ट्रक आला. खुमेंद्रनं जीप डावीकडे घालायला जागा नव्हती म्हणून उजवीकडे, रस्त्याच्या खाली, मोहाच्या झाडावर घातली. जीव वाचला. कमरेखालचं सगळं गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे रामबाईला दाखवला आणि तिनं त्यांना विचारलं, “पेरनीपर्यंत चालंल ना?”

जीप माझ्याकडेच आणली. तो म्हणाला होता तसंच झालं, गाडीच आली.

तीन दिवस मी तिला हात लावला नाही. चौथ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि तिच्यासमोर उभा राहिलो. पुढची उजवी बाजू आत गेली होती, रेडिएटर फुटला होता, पण इंजिन शाबूत होतं. मी रेडिएटरच्या जागी पिंप लावून पाणी फिरवलं आणि इंजिन चालू केलं. उस्तादाचा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं. पाऊण तास मी ते इंजिन तापवत ठेवलं. मग तसंच गरम असताना नळीचं वॉल्व्हकडचं टोक काढलं, तिथं हातपंप लावला आणि ओढलं.

पंपाचा काटा चढला. दांडी हलली नाही.

पुन्हा ओढलं. दांडी हलली नाही. मग पंप नळीऐवजी सरळ डबीला लावला. दांडी टुणकन आत आली. म्हणजे वॉल्व्ह चांगला, डबी चांगली, दांडी चांगली. मधे फक्त नळी. मी दोन बोटांनी ती चाचपत गेलो. गरम रबर मऊ झालं होतं. धाग्यापाशी बोटं थांबली. सात वेढ्यांखाली नळी चपटी होऊन आतून चिकटली होती. थंड असताना रबर ताठ राहायचं आणि हवेपुरती फट उरायची. गरम झालं, आतून ओढ लागली, की फट मिटायची. थंड करून, तोंडानं फुंकून मी चार वेळा जी नळी पास केली होती ती हीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो कळसाही मीच काखेत दिलेला.

मी ब्लेड घेतलं आणि धागा कापला. पंप ओढला. दांडी आत आली.

मी खाली फरशीवर बसलो. किती वेळ बसलो ते आठवत नाही. रडलो, हे मात्र आठवतं. एक ब्लेड, एक वार. एवढंच काम होतं. एप्रिलमध्ये हाच हात, हीच जागा, नवी नळी हातात, आणि मी ती खुंटीला टांगली. तीन महिने मी गाडीतलं सगळं उघडलं, फक्त ज्याच्यापुढे हात जोडायचे ते सोडून.

कापलेला धागा मी गल्ल्याच्या खणात ठेवला. जूनमध्ये रामबाई आली. एस.टी.नं येऊन, स्टँडवरून उन्हात चालत आली होती. सरळ जीपजवळ गेली, वाकडं झालेलं बॉनेट दोन्ही हातांनी उचललं आणि आत पाहू लागली. तिला जागा बरोबर माहीत होती. मीच दाखवली होती.

“धागा कोठी गेला, दुलीचंद?”

मी कापला म्हणालो असतो, तर तिनं पुढचं विचारलं असतं. कायले कापला? आणि त्याचं उत्तर मला तिच्या तोंडाकडे पाहून द्यावं लागलं असतं.

“सुटला,” ती स्वतःशीच म्हणाली. “सुटला मनून झालं.”

“मावशी, तसं नाही. चूक माझी हाय. मले खराबी सापडली नाही. मी मिस्त्री, मले सापडाले पायजे होती. माझ्यामुळंच झालं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती.

“तू मानूस हायस, बाबू. मानूस चुकते. पन धागा कसा चुकंल? त्या दिशी लय गर्दी होती. घाईत गाठ ढिल्ली बांधली मी. माझीच गाठ ढिल्ली रायली.”

ती पदरानं तोंड पुसत निघून गेली आणि मी तिला जाऊ दिलं. नंतर मी या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे, जसा बिघाडाचा करतो तसा. तिच्या मनावरचा खोटा भार काढायचा, तर त्या जागी खरा ठेवावा लागतो. तिसरा रस्ता नाही. मी शोधला. मिळाला नाही.

खुमेंद्रला मात्र सांगितलं. तो घरी परत आल्यावर गेलो. रामबाई विहिरीवर होती. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, पाय चादरीखाली कुणी दुसऱ्याचे ठेवल्यासारखे सरळ पडले होते. मी खिशातून धागा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. नळी कशी मिटायची, गरम झाल्यावरच कशी मिटायची, चौथ्या वेळी मी काय केलं ते. मला शिव्या हव्या होत्या. मी त्यासाठीच गेलो होतो.

त्यानं धागा हातात घेतला. वेढ्यांचा आकार त्याला अजून होता.

“मायले सांगतलं?”

“नाही.”

“सांगू नका. मरंल थे.” त्यानं धागा मला परत दिला. “इथं घरात नका ठेवू. सापडंल तिले.” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “जा आता, भाऊ.”

येताना नवेगाव-बांधला जाऊन धागा तलावात सोडावा, असं मनात आलं होतं. गेलो नाही. तो अजून खणात आहे.

दसरा आला. या वर्षी माझ्याकडे रांग नव्हती. टर्बोचं काम दुलीचंदकडे नेऊ नका, असं लोक म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. दहाच्या सुमाराला रस्त्यावरून हातानं फिरवायची तीनचाकी सायकल येताना दिसली. खुमेंद्र टेम्पोतून कुडव्याच्या फाट्यापर्यंत आला होता आणि तिथून ती फिरवत येत होता. मागून रामबाई एका हातानं ढकलत होती. तिच्या दुसऱ्या हातात पूजेचं ताट होतं.

“घरीच करू मनलो मी,” खुमेंद्र माझ्याकडे न पाहता म्हणाला. “आयकत नाही.”

रामबाईनं सायकलला हळद-कुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. मला कुंकू लावलं, आपट्याचं पान दिलं. मी तिच्या पाया पडलो. मग तिनं ताटातून लाल-पिवळा धागा उचलला. मागच्या वर्षीपेक्षा जाड होता. ती सायकलीभोवती एक चक्कर मारून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“दुलीचंद, हिचा जीव कोठी रायते गा?”

मी साखळीकडे पाहिलं, ब्रेकच्या तारेकडे पाहिलं. माझ्यानं बोट उचलवेना. रस्त्यावरून गाड्या हार घालून हॉर्न वाजवत जात होत्या. ती धागा हातात ताणून धरून माझ्या उत्तराची वाट पाहत राहिली.

“सायकलीले नको, माय,” खुमेंद्र म्हणाला आणि त्यानं उजवा हात पुढं केला. “इथं बांध. हाच फिरवते ना तिले.”

रामबाईला ते पटलं. तिनं बाजूला उकिडवं बसून त्याचं मनगट आपल्या गुडघ्यावर घेतलं आणि वेढे द्यायला लागली. सात झाले. ती थांबली नाही. पुढचे सात देताना तिचे ओठ हलत होते.

“जरा ढिल्ला बांधा, मावशी,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ढिल्ला बांधला मनूनच तं असं झालं,” ती म्हणाली आणि दातांत टोक धरून सगळ्या जोरानं गाठ ओढली.

खुमेंद्रची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडायला लागली. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. ब्लेड माझ्या शर्टच्या खिशात होतं.

“गाठ दाटत तं नाही ना, बाबू?” रामबाईनं विचारलं.

“नाही, माय,” तो म्हणाला.